सात फुलांची नक्कल

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसतं एक जेवणाचं टेबल. टेबलामागे मोठी काच, काचेपलीकडे पोरिरुआची खाडी, आणि खाडीवरून सुसाट येणारा वारा. या गावातला वारा बेल वाजवत नाही, सरळ आत येतो. रविवारची सकाळ. साल दोन हजार सहा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. टेबलावर पोह्यांच्या रिकाम्या बशा आणि बशांच्या मधोमध कायम वास्तव्याच्या अर्जाचा एक जाडजूड फॉर्म. उजवीकडे मकरंद ओगले, वय बेचाळीस, रोज आगगाडीनं वेलिंग्टनला जाऊन सॉफ्टवेअरचं काम करणारा. डावीकडे त्याची आई सुमतीबाई, वय एकोणसत्तर. ठेंगणी, ताठ, सुती पाचवारीवर मुलाचा जुना स्वेटर. हातात पेन आहे, पण ते कागदाला टेकत नाहीये.

"आई, इथे सही कर. पिवळा कागद चिकटवलाय बघ, तिथे."

"चष्मा कुठे गेला रे माझा?"

"डोळ्यांवर आहे."

"हा नाही. वाचायचा."

"तुझ्याकडे एकच चष्मा आहे, आई."

सिंकपाशी उभी असलेली उत्तरा, म्हणजे मकरंदची बायको, पाठमोरीच हसली. सुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर सोळाव्या पानावर खिळली होती. तिथे सरकारनं विचारलं होतं: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? तुमच्यावर कधी आरोप ठेवला गेला आहे का? कुठल्याही देशातल्या पोलिसांनी कधी गुन्ह्याच्या संशयावरून तुमची चौकशी केली आहे का? मकरंदनं तिन्ही ठिकाणी 'नाही'च्या चौकोनात पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. आईच्या बाबतीत हे प्रश्न विचारण्यासारखेही नाहीत, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

"वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलेय," सुमतीबाई म्हणाल्या. "राहू दे. सावकाश वाचते."

"सावकाश किती? तीस नोव्हेंबरला तुझं व्हिजिटर परमिट संपतंय. त्याच्या आत फाईल गेली तर ठीक. नाहीतर तुला परत जावं लागेल, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून."

परत कुठे जायचं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. मकरंदचे वडील नारायणराव तीन वर्षांपूर्वी गेले. साताऱ्याचा फ्लॅट रिकामा, किल्ली भाचीकडे. पोरिरुआत मुलगा होता, सून होती, आणि इंग्रजीत उत्तरं देणारी पण मराठीत भांडणं ऐकून घेणारी नात होती, सिद्धी. सुमतीबाईंना इथेच राहायचं होतं. फक्त ते मागायची सवय त्यांना नव्हती.

सोळावं पान त्यांच्या घशात अडकलं होतं, त्याला कारण होतं.

वर्षापूर्वी त्या पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हाची गणेशचतुर्थी. बुधवार होता. मकरंद आणि उत्तरा सातच्या गाडीनं गेलेले, सिद्धीला मैत्रिणीची आई शाळेत घेऊन गेलेली. घरात शाडूचा नव्हे, पण मकरंदनं सँडरिंगहॅमहून, म्हणजे थेट ऑकलंडहून आणलेला छोटा गणपती. आरती संध्याकाळी होणार, पण पूजा सकाळीच व्हायला हवी. आणि गणपतीला तांबडं फूल नाही! साताऱ्यात सुमतीबाई उभा जन्म पहाटे छत्री आणि पिशवी घेऊन फिरल्या होत्या. छत्रीच्या मुठीनं फांदी वाकवायची, कुंपणाबाहेर आलेली फुलं तेवढी घ्यायची. देवाची फुलं कुणाला विचारून तोडायची असतात, हे आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. विचारलं तर उलट मालक ओशाळतो.

दोन गल्ल्या पलीकडे एका घराच्या कुंपणावरून कमेलियाची फांदी पदपथावर आली होती. तांबडीभडक फुलं. सुमतीबाईंनी पायातल्या जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, सावरल्या, स्तोत्र पुटपुटत छत्री वर केली आणि एकेक फूल पिशवीत टाकू लागल्या. आठव्या फुलापाशी पोलिसांची गाडी येऊन थांबली.

एक पुरुष, एक बाई. दोघंही तरुण. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, घर कुठे ते विचारलं आणि छोट्या वहीत लिहून घेतलं. मग गाडीत बसवून त्यांना घराच्या दारापाशी सोडलं. जाताना त्या पोलीसबाईनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि काहीतरी म्हटलं. सुमतीबाईंच्या कानात तेव्हा भोवरे फिरत होते. त्यांना एवढंच कळलं, की आपलं नाव पोलिसांच्या वहीत गेलं.

गणपतीला ती सात फुलं वाहिली. घरात कुणाला सांगितलं नाही. त्या रस्त्यानं पुन्हा गेल्या नाहीत.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट विसरून टाकली असती. पण सुमतीबाई साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात नक्कल विभागात होत्या. जुन्या निकालांच्या, जबान्यांच्या, फिर्यादींच्या नकला काढायच्या, मुळाशी ताडून बघायच्या, खाली 'खरी नक्कल' लिहून सही करायची. मागच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले. पन्नास वर्षांपूर्वी कुणी कुणाच्या शेतातली कोंबडी उचलली, तेही त्या बस्त्यांत जिवंत होतं. माणसं मरतात, कागद मरत नाहीत, हे त्यांना वेदापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आणि इथे सही करायची ती कशाखाली? तर वरील सर्व मजकूर खरा आहे, या ओळीखाली. एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी खोट्या मजकुराखाली सही केली नव्हती.

म्हणजे आधी तो कागद बघायला हवा. काय लिहिलंय, कोणत्या कलमाखाली लिहिलंय, ते कळायला हवं. मग 'हो' की 'नाही' ते ठरेल.

मंगळवारी सगळे घराबाहेर पडल्यावर सुमतीबाईंनी दार लावून घेतलं आणि नकलेचा अर्ज लिहायला घेतला. मजकूर इंग्रजी, पण थाट अस्सल सातारी: मेहेरबान पोरिरुआ कोर्ट यांचे सेवेशी, अर्जदार अमुक, वय अमुक, धंदा सेवानिवृत्त, विनंती अर्ज ऐसा जे. उजव्या कोपऱ्यात कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो. तो कुठे मिळतो ते माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा-दुधाच्या दुकानात, पक्ष्याचं चित्र असलेली पोस्टाची तिकिटं मिळाली. त्यांनी दोन तिकिटं व्यवस्थित चिकटवली आणि बस पकडली.

कोर्टाच्या खिडकीमागे एक पोरगेला कारकून होता, टाय लावलेला. त्यानं अर्ज वाचला, तिकिटं बघितली, पुन्हा अर्ज वाचला.

"केसचा नंबर आहे का?"

"नाही."

"कोर्टात कधी हजर झाला होतात?"

"झालेच नाही. पण नाव लिहून घेतलंय."

त्यानं नाव टाकून संगणकात शोधलं. काही नव्हतं. मग त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. पोलीस एखाद्यावर आरोप ठेवून त्याला इथे आणतात, तेव्हाच कोर्टात कागद तयार होतो. आरोप नाही तर कोर्टात कागद नाही. शिक्षा झाली होती का एवढंच बघायचं असेल, तर न्याय खात्याचा वेगळा फॉर्म आहे. तो भरायचा, पासपोर्टची प्रत जोडायची, सही करायची आणि पोस्टानं पाठवायचा. पण पोलिसांनी रस्त्यात नुसतं लिहून घेतलं असेल, तर ते पोलिसांकडेच मागायचं.

"मग उद्या जाऊ तिकडे?" सुमतीबाईंनी विचारलं.

"उद्या कशाला? आत्ताच जा की. चालत जाण्याइतकं आहे."

सुमतीबाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडकीवरून एकतीस वर्षांत एकाही माणसाला 'आत्ताच' असं उत्तर मिळालं नव्हतं. 'उद्या या', 'साहेब रजेवर आहेत', 'बस्ता सापडत नाही'. किती जणांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं! त्यातले काही चेहरे त्यांना आठवले.

पोलीस स्टेशनची काचेची दारं आपोआप उघडली. सुमतीबाई दचकून मागे सरल्या, दारं मिटली. पुढे झाल्या, उघडली. असं दोनदा झाल्यावर आतून आवाज आला, "किओरा, नमस्कार! या, या, ते चावत नाही."

काउंटरमागे एक भरदार अंगाची माओरी बाई होती, पन्नाशीची, कानात हिरव्या दगडाची कुडी. छातीवर नाव: अरोहा. तिनं अर्ज हातात घेतला आणि खुर्ची दाखवली. सुमतीबाई बसल्या नाहीत. खिडकीसमोर अर्जदारानं उभं राहायचं असतं.

"स्वतःबद्दल आमच्याकडे काय लिहिलंय ते बघायचंय ना तुम्हाला?"

"हो. नक्कल पाहिजे. सही-शिक्क्याची."

"मिळेल. प्रायव्हसीचा कायदा आहे. तुमच्याबद्दलची माहिती मागायचा तुम्हाला हक्क आहे."

"कारण काय लिहू?"

"कारण लागत नाही."

"लागत नाही?" सुमतीबाईंचा विश्वास बसेना. "आणि फी?"

"तीही नाही." अरोहानं नखानं अलगद दोन्ही तिकिटं सोडवली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही मुलाला पत्र पाठवायला ठेवा."

"मुलगा इथेच आहे. त्याला यातलं काही माहीत नाही."

अरोहानं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग नवा कागद पुढे सरकवला. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, घटना कधी आणि कुठे घडली, नेमकं काय हवंय. पासपोर्टची झेरॉक्स तिनंच काढली. उत्तर कामाच्या वीस दिवसांत येईल म्हणाली, पोस्टानं, घरच्या पत्त्यावर.

"घरच्या?" सुमतीबाईंनी विचारलं. "पाकिटावर पोलीस असं लिहिलेलं असेल?"

"हो, असतं."

आणि मग सुरू झाले ते वीस दिवस. शनिवार-रविवार धरायचे नाहीत, मधली लेबर डेची सुट्टी धरायची नाही. सुमतीबाईंनी कालनिर्णयावर टिंबं काढली. सकाळी घड्या केलेले टॉवेल दुपारी सोडून पुन्हा घड्या केल्या. कुकरची शिट्टी झाली तरी त्या खिडकीत. टपाल टाकणारी बाई सायकलवरून यायची साडेअकराच्या सुमारास. सुमतीबाई सव्वाअकरापासून पत्रपेटीपाशी, वाऱ्यात पदर धरून. एकदा उत्तरा सर्दीनं घरी होती, तिनं पाहिलं.

"आई, कुणाचं प्रेमपत्र यायचंय का?"

"काहीतरीच काय! साताऱ्याहून भाचीचं यायचंय."

"भाची ई-मेल करते तुम्हाला. मीच वाचून दाखवते."

"तू नाक पूस आधी," सुमतीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मकरंदचा सूरही चढत चालला होता. "आई, साताऱ्याचा पोलीस दाखला आला, बँकेचे कागद आले, फक्त तुझी सही राहिलीय. तुला इथे राहायचं नाहीये का? तसं असेल तर स्पष्ट सांग."

हा प्रश्न त्यांना सोळाव्या पानापेक्षा जास्त लागला. रात्री जेवताना त्यांनी वरणात दोनदा मीठ घातलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. सुमतीबाईंनी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि ते उघडलं. एकच पान होतं. आपण दिलेल्या नावाची कोणतीही नोंद आमच्याकडे आढळली नाही.

दुसऱ्या कुणी तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली असती. शिक्का आहे, सही आहे, सरकार स्वतः सांगतंय की काही नाही! सुमतीबाई बाहेर आल्या, फॉर्म काढला, पेनचं टोपण काढलं. आणि थांबल्या. खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेल्या बाईला 'सापडत नाही' या उत्तराचे सगळे पोटभेद माहीत असतात. एक तर कागद नसतो. नाहीतर भलत्याच बस्त्यात बांधलेला असतो. नाहीतर शोधणारा उठलेलाच नसतो. इथला शोधणारा प्रामाणिक होता, हे त्यांनी पाहिलं होतं. आणि कागद नाही, हे शक्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिला होता.

त्यांनी टोपण परत लावलं.

उत्तर मिळालं ते तीन दिवसांनी, दवाखान्यात. फाईलसाठी वैद्यकीय तपासणी करायची होती, मकरंद अर्धी रजा टाकून घेऊन गेला होता. बाकावर बसले होते, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं, "मिसेस नारायण? ओगले नारायण?"

मकरंद कपाळाला हात लावून उठला. "आई, तूच नाव सांगितलंस ना फोनवर? अगं, इथे आडनाव शेवटी सांगायचं. तू कोर्टाच्या पुकाऱ्यासारखं सांगतेस, ओगले सुमती नारायण. मग ते नारायणलाच आडनाव समजतात. किती वेळा सांगितलं!"

सुमतीबाई उठता उठता पुन्हा बाकावर बसल्या. त्या दिवशी, कमेलियाखाली, त्या पोरसवदा पोलिसाला त्यांनी नाव सांगितलं होतं ते असंच. नोकरीत हजेरीपटावर सांगायचं तसं. आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव. कागद होता. भलत्या बस्त्यात होता.

"रक्तदाब जरा जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "काही काळजी आहे का?"

"वारा फार आहे," सुमतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा काचेच्या दारापाशी. या वेळी दचकल्या नाहीत. त्यांनी पत्र अरोहापुढे ठेवलं.

"अरे वा, काही नाही म्हणतात! चांगली बातमी."

"चुकीची आहे. आडनाव नारायण टाकून बघा. पहिलं नाव ओगले."

अरोहानं भुवया उंचावल्या. "म्हणजे तुम्हाला 'काही नाही' असं लिहून मिळालंय, आणि तुम्ही परत आलात, 'आहे' म्हणून सांगायला?"

"हो."

"इथे लोक याच्या उलटं भांडायला येतात, ठाऊक आहे ना?" असं म्हणत तिनं बोटं चालवली. नारायण. ओगले. जन्मतारीख. मग बोटं थांबली. सुमतीबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"आहे," अरोहा म्हणाली. "पण अशी लगेच देता येत नाही. दुसऱ्यांची नावं झाकावी लागतात. वीस दिवस नाही लागायचे, मी स्वतः मागे लागते."

"गंभीर आहे?"

"तुमचं तुम्हीच वाचा. ते तुमचं आहे."

आठ दिवस. त्या आठ दिवसांत सुमतीबाईंनी घरातले सगळे डबे रिकामे करून घासले. काय काय दिसलं नाही त्यांना डोळ्यांपुढे! परदेशातून आलेली बाई, चोरी, छत्री हे हत्यार, सात फुलं हा मुद्देमाल. मकरंदची फाईल नामंजूर. मकरंदच्या ऑफिसात कुजबूज. 'नाही' लिहिलं तर खोटं, 'हो' लिहिलं तर मुलाची मान खाली. दोन्हीकडून आड आणि विहीर.

पाकीट आलं ते पंधरा नोव्हेंबरला. आत दोन पानं. मधे मधे काळे पट्टे मारलेले. त्यामागे फोन करणाऱ्या बाईचं नाव, पत्ता. सुमतीबाई डिक्शनरी घेऊन बसल्या आणि एकेक ओळ पुढे सरकल्या. मजकूर असा:

सकाळी सात पंचावन्न. बाईचा फोन. पातळ वस्त्रातली एक वृद्ध भारतीय स्त्री माझ्या कुंपणापाशी उभी आहे. पायात मोजे आणि जँडल. झाडाशी बोलते आहे. बाहेर फार थंडी आहे, हरवलेली असावी, कृपया कुणीतरी या. बाईनं चहा दिला असता, पण ती घाबरेल असं वाटलं. अधिकारी पोचले. स्त्रीनं स्वतःचं नाव सांगितलं. बहुधा गोंधळलेली. हातात छत्री, पाऊस नाही. घरी सुखरूप सोडलं. गुन्हा नाही. पुढील कारवाई नाही.

सुमतीबाईंनी ते दोनदा वाचलं. चोरी हा शब्द कुठेच नव्हता. फूल हा शब्दसुद्धा नव्हता. कुणी तक्रार केलीच नव्हती. कुणाला तरी त्यांची काळजी वाटली होती.

सुटकेचा श्वास अर्धा आला आणि तिथेच अडला. बहुधा गोंधळलेली? हरवलेली? झाडाशी बोलते? ज्या बाईनं एका नकलेत कधी स्वल्पविराम चुकू दिला नाही, ती सरकारी कागदावर भ्रमिष्ट! आणि हे कुणी उद्या तपासणीच्या कागदांशेजारी ठेवलं, तर म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, ठेवून घेऊ नका, असंच कुणीही म्हणेल.

बस यायला वेळ होता. सुमतीबाई चालत निघाल्या. वारा समोरून होता, पण त्या दिवशी वाऱ्यानंच वाट दिली म्हणायची.

"अरोहाबाई," त्यांनी दोन पानं काउंटरवर ठेवली, "हे खोटं आहे."

"कुठलं?"

"पहिलं, हे काळे पट्टे. आमच्याकडे खाडाखोड केली तर शेजारी सही लागते. इथे सही नाही."

"ते कायद्यानं झाकलंय. आणि दुसरं?"

"दुसरं, मी गोंधळले नव्हते. मला रस्ता माहीत होता, वार माहीत होता, तिथी माहीत होती. झाडाशी बोलत नव्हते, देवाचं म्हणत होते. छत्री फांदी वाकवायला होती. मी फुलं तोडत होते. न विचारता."

अरोहानं खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घातली. "थांबा. तुम्ही पोलीस स्टेशनात उभ्या राहून मला सांगताय की तुम्ही चोरी केलीत?"

"फुलं. सात. आठवं हातात येण्याआधी तुमची गाडी आली."

अरोहाला हसू आवरेना. ती इतकी हसली, की आतून एक साहेब डोकावून गेला. सुमतीबाई ताठ उभ्या होत्या. मग अरोहानं डोळे पुसले.

"माझी आजीसुद्धा अशीच होती," ती म्हणाली. "दुसऱ्यानं केलेली दया तिला चालायची नाही. ऐका. जे लिहिलंय ते पुसता येत नाही, पण दुरुस्ती मागायचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तुम्ही तुमचं म्हणणं लिहून द्या. ते या नोंदीला जोडायचं. इथून पुढे कुणीही ही नोंद उघडली, की तुमचं म्हणणंही वाचावं लागेल."

"कायमचं?"

"कायमचं. आणि नावाचा घोळही सुधारून घेऊ. पण खरंच फुलांचं लिहायचंय? 'मी हरवले नव्हते' एवढं पुरे आहे हो."

"मग तिथे काय करत होते, असं वाचणारा विचारेल. अर्धं लिहिलेलं कागदावर शोभत नाही."

त्यांनी तिथेच उभ्यानं लिहिलं. सुवाच्य, समास सोडून, खाली तारीख. अरोहानं शिक्का मारला, झेरॉक्स काढली, आणि न मागता त्यावर 'खरी प्रत' असं इंग्रजीत लिहून सही केली. सुमतीबाईंनी ती सही उजेडात धरून बघितली. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसल्या, आणि मग बराच वेळ बसून राहिल्या.

घरी जाताना त्यांनी कमेलियाचा रस्ता घेतला. नोव्हेंबरात झाडावर एकही फूल नव्हतं. दारापाशी एक पांढऱ्या केसांची बाई कुंडीतली माती उकरत होती. सुमतीबाई थांबल्या. त्यांनी नमस्कार केला, बाईनं मातीचा हात हलवला, आणि दोघींनी हवेबद्दल दोन वाक्यं टाकली. ज्या चहाचा विषय वर्षभर राहिला होता, तो बाईनं स्वतःच काढला. शनिवारी यायचं ठरलं.

संध्याकाळी पुन्हा तेच टेबल. मकरंद नुकताच आलेला, उत्तरा कोथिंबीर निवडत होती. सुमतीबाईंनी फॉर्म आणला, त्यावर सगळे कागद लावून ठेवले: पहिलं पत्र, दोन पानांची नोंद, आपलं म्हणणं.

मकरंद वाचत गेला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आई! पोलीस स्टेशनला गेलीस? एकटी? बसनं?"

"तीनदा," सुमतीबाई म्हणाल्या. "आणि एकदा कोर्टात."

"म्हणून सही करत नव्हतीस होय? आणि मी आपला समजत होतो, की तुला..." त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. तो पाणी प्यायला.

"मकरंद, वाच ना पुढे," उत्तरा म्हणाली. ती कोथिंबीर टाकून त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "झाडाशी बोलते म्हणे! आई, त्या दिवशी अथर्वशीर्ष म्हणत होतात ना?"

"अर्धं झालं होतं."

मकरंदनं पानं पुन्हा चाळली. "अगं पण हे बघ. पहिल्या पत्रात नोंद नाही म्हणतात. दुसऱ्यात गुन्हा नाही म्हणतात. सोळाव्या पानावर 'नाही' लिहायला काहीच अडचण नव्हती."

"'नाही'च लिहायचंय. पण पेन्सिलीनं नाही, पेननं. आणि ही नक्कल सोबत जोडायची."

"जोडायची? तिसरा कागदसुद्धा?" त्यानं तो दिव्याखाली धरला. "आई, ते बिचारे तुला हरवलेली म्हातारी समजून सोडून देत होते. कुणाला फुलांचा पत्तासुद्धा नव्हता. आणि तू स्वतःच्या हातानं लिहून दिलंस, की मी न विचारता फुलं तोडली?"

सुमतीबाईंनी फॉर्म स्वतःकडे ओढून सोळावं पान काढलं.

"तोडलीच होती," त्या म्हणाल्या. "आण ते पेन इकडे."